हृदयाची नवी झडप आणि रक्तस्रावाविषयी दक्षता

वर्धा जिल्ह्यास वैद्यकीय सेवेची मोठी परंपरा लाभली आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तेथेच स्थापन केलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही नावे विदर्भातील खेड्यापाड्यांत परिचित आहेत. तथापि, मोठ्या शहरात हृदयाची झडप बदलून घेतलेला रुग्ण अखेर आपल्या गावीच परततो. पुढील दक्षतेचा भार कुटुंबावर व गावावर पडतो. यास्तव या उपचारातील रक्तस्रावाच्या धोक्याची माहिती गावातील जबाबदार व्यक्तींना असणे अगत्याचे आहे.

नवी उपचारपद्धती

उतारवयात महाधमनीच्या मुखाशी असलेल्या झडपेवर चुन्याचे थर साचून ती ताठर व अरुंद होते. धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही त्याची लक्षणे होत. पूर्वी छाती उघडून झडप बदलणे हाच प्रमुख मार्ग होता. फ्रान्समधील डॉ. आलँ क्रिबिए यांनी २००२ साली जांघेतून कॅथेटर नावाची नळी हृदयापर्यंत नेऊन ही झडप प्रथमच बसविली. मोठी शस्त्रक्रिया न सोसणाऱ्या वृद्धांस ही पद्धती उपकारक ठरली आहे.

रक्तस्राव का होतो?

यासाठी वापरावयाची नळी सुमारे पाच-सहा मिलिमीटर जाडीची असते. वार्धक्यात रोहिण्या कठीण व वेड्यावाकड्या झालेल्या असतात. त्यातच रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिलेले असते. त्यामुळे जांघेतील छिद्रातून रक्त वाहू शकते. कधी ते बाहेर न दिसता पोटाच्या मागील भागात साचते. म्हणूनच डॉक्टर सी.टी. स्कॅनद्वारे रोहिणीची रुंदी आधी मोजून घेतात.

दुसरा धोका घरी परतल्यावर संभवतो. झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांमुळे आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो. रक्त गोठू न देणारी अन्य औषधे ज्यांना आवश्यक नव्हती, अशा रुग्णांवरील अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांपैकी सुमारे २७ टक्के रुग्णांना वर्षभरात रक्तस्राव झाला. केवळ ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. तेव्हापासून अशा रुग्णांना शक्यतो एकच औषध देण्याकडे कल आहे.

गावाचे कर्तव्य

डांबरासारखी काळी शौचास होणे, जांघेत सूज वाढणे, पाठीत वा पोटात अकस्मात वेदना, अंग फिके पडून घाम सुटणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे व उपचाराची कागदपत्रे सोबत द्यावीत. त्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, कारण गुठळीचा धोका तितकाच गंभीर असतो. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेऊ नयेत.

अशा प्रसंगी रुग्णास रक्ताची निकड भासते. रक्त कारखान्यात तयार होत नाही. ग्रामपंचायती व शाळांनी स्वेच्छा रक्तदानाची शिबिरे नियमितपणे भरविली, तर आपल्याच गावातील एखाद्या वृद्धाचे प्राण वाचविण्याचे श्रेय त्यांना लाभेल.