सांगोवांगीचे सात कोटी सत्तर लाख

एप्रिल २०२० संपता संपता एक बातमी देशभर पसरली. दूरदर्शनवर पुन्हा सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेचा १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला आणि ती जगात सर्वाधिक पाहिली गेलेली मनोरंजन मालिका ठरली, अशी ती बातमी होती. वरूडसारख्या तालुक्याच्या गावी अशी बातमी सहसा मूळ रूपात पोचत नाही. एकाने वाचलेली, दुसऱ्याने सांगितलेली, तिसऱ्याने मोबाइलवरून पुढे ढकललेली अशी ती येते. मराठीत याला सांगोवांगी म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी येणारा 'म्हणे' हा शब्द ही तिची खूण. 'विक्रम मोडला म्हणे' यात बोलणाऱ्याची प्रामाणिक कबुली असते की हे त्याने स्वतः तपासलेले नाही. दोन-तीन तोंडांतून गेल्यावर तो शब्द गळून पडतो आणि उरलेले वाक्य पक्की माहिती म्हणून फिरू लागते. पडताळणी म्हणजे हे 'म्हणे' मुळात कोणाचे, याचा माग काढणे.

या बातमीच्या मागे एक जुनी, खरी लोकप्रियता होती. रामानंद सागर यांची ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी दाखवली गेली. तेव्हा आंघोळ करून मालिकेला बसणारे, टीव्हीला हार घालणारे लोक गावोगावी होते. एका संचासमोर अख्खी आळी जमत असे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २७ मार्चला तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी पुनःप्रसारणाची घोषणा केली. दुसऱ्याच दिवसापासून सकाळी आणि रात्री ९ वाजता मालिका सुरू झाली. पहिल्या शनिवार-रविवारच्या चार प्रसारणांना मिळून सुमारे १७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे मोजणी करणाऱ्या संस्थेने जाहीर केले. विक्रमाची बातमी लोकांना लगेच पटली ती यामुळेच. भोवताली जे दिसत होते, त्याच्याशी ती जुळत होती.

पटण्याजोगी बातमी तपासताना पहिले काम म्हणजे तिचे तुकडे पाडणे. या एका वाक्यात दोन दावे होते. पहिला, १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला. दुसरा, हा जागतिक विक्रम आहे. पहिला खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही.

दुसरे काम म्हणजे उगम शोधणे. माग काढत गेल्यास ही बातमी ३० एप्रिल २०२० रोजी दूरदर्शनच्या अधिकृत ट्विटर खात्यावरील मजकुरापाशी पोचते. म्हणजे ती कोणा अनोळखी माणसाने रचलेली नव्हती. बहुतेकांची चौकशी इथेच थांबते, कारण सरकारी वाहिनीने सांगितल्यावर आणखी काय विचारायचे, असे वाटते. पण सांगणारा कोण हे कळले, तरी मोजणारा कोण हे कळायचे बाकी राहते.

भारतात टीव्हीच्या प्रेक्षकांची मोजणी 'बार्क' ही संस्था करते. प्रत्येक घरात तिचा माणूस जात नाही. २०२० मध्ये देशभरातील सुमारे ४४ हजार घरांत तिची यंत्रे बसवलेली होती. वाहिन्यांच्या आवाजात कानाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. ती यंत्र ओळखते, आणि त्या घरातले कोण टीव्ही पाहत आहे याची नोंद होते. त्यावरून देशाचा हिशेब मांडला जातो. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ही रीत समजायला अवघड नाही. उभा बगीचा ठोक भावाने घेणारा व्यापारी प्रत्येक संत्रे मोजत नाही. निरनिराळ्या बाजूंची काही झाडे नीट पाहून तो साऱ्या बगीच्याचा अंदाज बांधतो. झाडे विचारपूर्वक निवडली असतील तर अंदाज जवळपास उतरतो, फक्त धुऱ्यावरची चांगली झाडे पाहिली तर फसतो. प्रेक्षकसंख्याही असाच अंदाज असते. त्यातही मिनिटभर डोकावलेले सगळे धरले आहेत की दर मिनिटाची सरासरी काढली आहे, यावर आकडा बदलतो. त्यामुळे दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही एकाच मापाने मोजले आहेत का, हे पाहावे लागते.

पहिल्या दाव्याला मोजणीचा आधार होता. दुसरा दावा मात्र तुलनेत टिकला नाही. पत्रकारांनी आणि तथ्यतपासणी करणाऱ्यांनी लगेच एक जुने उदाहरण दाखवून दिले. कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयावर बेतलेल्या 'मॅश' या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी दाखवला गेला, तेव्हा त्याला सुमारे १० कोटी ६० लाख प्रेक्षक होते. विक्रम मोडला असे म्हणायचे तर आधीचा विक्रम किती होता, हे सांगावे लागते. फिरणाऱ्या संदेशांत तेवढेच नव्हते.

म्हणून निष्कर्ष दोन भागांत सांगावा लागतो. तेहतीस वर्षांपूर्वीची मालिका २०२० मध्ये कोट्यवधी लोकांनी पुन्हा पाहिली, हे खरे. तिने जागतिक विक्रम केला, हे सिद्ध होत नाही. यात रामकथेचा किंवा ती पाहणाऱ्यांच्या भक्तीचा कोणताही उणेपणा नाही. श्रद्धेला आकड्याचा टेकू लागत नाही, आणि चुकीचा टेकू दिला तर तो निखळल्यावर उगीच श्रद्धेवरच बोट ठेवले जाते.

पडताळणी वेळेत झाली नाही तर अफवा किती काळ टिकते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. डिसेंबर १९७४ मध्ये दोघा रेडिओ व्यावसायिकांनी तेथील दूरसंचार आयोगाकडे एक अर्ज केला. शिक्षणासाठी राखून ठेवलेले प्रसारण परवाने धार्मिक संस्थांना देण्याचे तूर्त थांबवावे, एवढीच त्यांची मागणी होती. आयोगाने १ ऑगस्ट १९७५ रोजी अर्ज फेटाळला. पण नास्तिक कार्यकर्त्या मॅडलिन मरे ओहेअर सगळेच धार्मिक प्रसारण बंद पाडणार आहेत, अशी अफवा उठली. त्यांचा त्या अर्जाशी संबंधही नव्हता. अर्ज फेटाळल्यानंतरही कित्येक वर्षे आयोगाकडे कोट्यवधी निषेधपत्रे येत राहिली.

आज ऐकीव बातमी तपासण्याची साधने सामान्य माणसाच्या हाताशी आहेत. अमुक वाहिनीवर अमुक महाराज असे बोलले, अशी गोष्ट कानावर आली तर आधी वाहिनी, तारीख आणि वेळ या तीन गोष्टी विचाराव्यात. त्या सांगता येत नसतील तर पुढे तपासण्याजोगे काही उरत नाही. त्या मिळाल्या तर कापलेली चित्रफीत न पाहता पूर्ण कार्यक्रम पाहावा, कारण अर्धे वाक्य कापून उलटा अर्थ काढता येतो. खासगी उपग्रह वाहिन्यांना प्रसारित मजकुराचे चित्रण ९० दिवस जपून ठेवावे लागते, म्हणून चौकशी लवकर केलेली बरी. कार्यक्रमाविषयी तक्रार असेल तर २०२१ च्या केबल टीव्ही नियमांनुसार ती वाहिनीकडे लेखी करता येते. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेशावर दुहेरी बाण दिसला तर तो अनेक हातांतून फिरून आला आहे, एवढे निश्चित समजावे. खऱ्या-खोट्याचा निर्णय तो बाण देत नाही.

इतके करूनही उगम सापडला नाही, तर गोष्ट पुढे न पाठवणे हेच योग्य. बोलण्याच्या ओघात ती सांगावीच लागली, तर 'म्हणे' लावून सांगावी.