सायकल कशी धुवावी?

घाटनांदूर व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सायकलीनें शाळेस येणाऱ्या विद्यार्थ्यांस पावसाळ्यांतील काळ्या मातीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. आपल्या पठारावरील ही माती काळा खडक झिजून झालेली असून तिचे कण अतिशय बारीक असतात. पाणी शोषून ती फुगते व चिकट होते. वाळली म्हणजे दगडासारखी कठीण होते. मडगार्ड व चाक यांमध्यें ती भरली कीं चाक फिरेनासें होतें. अशी सायकल धुणें अवश्य आहे. परंतु चिखलानें जितकी ती बिघडत नाहीं, तितकी अविचारानें धुतल्यानें बिघडते.

याचें कारण असें. चाकें, पायडलांचा आंस व हँडल हीं पोलादी छर्ऱ्यांवर फिरतात आणि छर्ऱ्यांभोंवतीं वंगण असतें. त्यांवर पाण्याची जोराची धार सोडली तर पाणी आंत शिरतें, वंगण धुऊन जातें आणि बारीक माती त्याची जागा घेते. पोलाद, पाणी व हवेंतील प्राणवायु यांची गांठ पडली कीं गंज चढूं लागतो. बाहेरून सायकल लखलखीत दिसते; आंतील नुकसान मात्र चाक करकरूं लागल्यावरच कळतें. म्हणून सायकल नळाच्या किंवा पंपाच्या धारेखालीं धरूं नये, व ओढ्यांतही उभी करूं नये.

शिवाय आपल्या मुलखांत पाण्याचें मोल काय सांगावें? सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें. एक बादली पाणी, दोन फडकीं, एक जुना ब्रश व एक लांकडी कामटी एवढ्या साहित्यांत सायकल उत्तम स्वच्छ होते.

प्रथम सायकल घोडीवर सांवलींत उभी करावी. चिखल ओला असतांनाच त्याचे जाड थर कामटीनें काढावे. लोखंडी पट्टीनें खरवडल्यास रंग उडतो. चिखल वाळला असल्यास ओलें फडकें त्यावर कांहीं वेळ ठेवून तो भिजूं द्यावा. वाळलेली माती घांसूं नये. तिचे कण कांचकागदाप्रमाणें रंगावर ओरखडे पाडतात. नंतर पाण्यांत थोडा साधा साबण घालून फडक्यानें वरून खालीं पुसत यावें. धुण्याचा सोडा वापरूं नये. सीट, हँडल व दांडे अगोदर. चाकें व तारा मागून. फडकें वेळोवेळीं पिळावें. शेवटीं स्वच्छ ओल्या फडक्यानें साबण काढून कोरड्या फडक्यानें सर्व अंग टिपावें.

साखळीचें काम सर्वांच्या शेवटीं करावें. ब्रशावर किंचित् रॉकेल घेऊन तिचा मळ काढावा. रॉकेल चुलीपासून दूर ठेवावें, व टायरास किंवा ब्रेकच्या रबरास लागूं देऊं नये, कारण त्यानें रबर फुगतें. साखळी पुसून कोरडी झाली म्हणजे पायडल सावकाश उलटें फिरवीत प्रत्येक सांध्यावर सायकलीच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा, व वरचें तेल पुसून टाकावें. जास्त तेलास धूळ चिकटते. गोडें तेल किंवा खोबरेल घालूं नये. तें कालांतरानें चिकट होतें. बोटें दांतेरी चक्राजवळ नेऊं नयेत.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. लहानपणीं मीं सायकल अधिक चकाकावी म्हणून चाकाच्या रिमलाही तेल पुसलें. दुसऱ्या दिवशीं उतारावर ब्रेक दाबला, तो निसटला आणि मी बाभळींत जाऊन पडलों. हाताचे कांटे दोन दिवस निघत होते. रिम व ब्रेकचें रबर हीं नेहमीं कोरडीं व तेलाविरहित असावीं. धुतल्यावर अंगणांत दोन फेऱ्या मारून दोन्ही ब्रेक पारखल्यावांचून रस्त्यावर जाऊं नये.

पालकांस विनंती कीं, हें काम मुलामुलींच्याच हातीं सोंपवावें. मात्र पहिल्या वेळीं जवळ उभें राहावें. सायकल घेण्यास घरांतील किती घाम खर्ची पडला हें सांगून मुलांस कळत नाहीं. आपल्या हातानें ती एकदां नीट पुसली म्हणजे कळूं लागतें.