वाचताना डोळ्यांना त्रास : रंगीत काचांचा उपयोग किती?

"डॉक्टर, दहा मिनिटे वाचले की अक्षरे एकमेकांत मिसळतात, कपाळ ठणकते. रंगीत काचांचा चष्मा करून घेऊ का?" चाळिशी उलटलेली मंडळी हा प्रश्न हल्ली वरचेवर विचारतात. काहींनी तर निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा आधीच बसवलेल्या असतात. पैसे गेलेले असतात, कपाळ मात्र ठणकतच असते.

रंगीत काचांची कल्पना अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी १९८३ मध्ये मांडली. वाचनात अडखळणाऱ्या प्रौढांना ठराविक रंगाच्या काचांतून अक्षरे स्थिर दिसतात, असे त्यांचे म्हणणे होते. काही जणांना बरे वाटते, हे खरे. पण काटेकोर चाचण्यांत हा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. मुलांच्या वाचनदोषावर अशा काचा देण्यास पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांवरील १७ चाचण्यांचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो, असे त्यातही आढळले नाही.

मग त्रास कशाचा? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर साधे असते. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला जोर लावावा लागतो. पेपर हात लांब करून वाचावा लागत असेल, तर निदान तुमचे तुम्हीच केले आहे! अशा वेळी गडद काच लावली तर उलटाच परिणाम होतो. डोळ्यात कमी प्रकाश शिरतो, बाहुली मोठी होते आणि अक्षर आणखी पुसट दिसते. इथे काम नंबराचे आहे, रंगाचे नव्हे.

दुसरे कारण डोळ्यांचा कोरडेपणा. एकटक वाचताना किंवा मोबाईल पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते. डोळे चुरचुरतात, मधूनच पाणीही येते. मुद्दाम पापण्या मिटाव्यात, दर वीस मिनिटांनी दूर पाहावे, पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. चकचकीत कागदावर ट्यूबलाईट चमकत असेल, तर खुर्ची फिरवून बसावे; याला पैसे पडत नाहीत.

चष्म्याचा नंबर वारंवार बदलत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. समोरच्या दिव्याने डोळे दिपत असतील, तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसणे, डोळा लाल होऊन दुखणे, उलटी होणे, एकाएकी अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. काचबिंदूचा तीव्र झटका असेल, तर काही तासांच्या विलंबानेही दृष्टी जाऊ शकते. चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो. डोळ्याचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा लागतो.

रंगाचा उपयोग अजिबात नाही, असेही नाही. अर्धशिशीच्या रुग्णांना उजेड सोसत नाही. त्यांच्यापैकी काहींना विशिष्ट गुलाबी छटेच्या काचांनी आराम पडतो. मात्र घरात दिवसभर काळा चष्मा लावू नये. डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि साधा उजेडही बोचू लागतो.

तपासणीत काही दोष निघाला नाही आणि तरीही पांढरा कागद टोचत असेल, तर आधी फिकट रंगाचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद पानावर ठेवून आठवडाभर वाचून पाहावे. स्टेशनरीच्या दुकानात तो थोडक्या पैशांत मिळतो. बरे वाटले तर खुशाल वापरा, डोळ्यांना अपाय नाही. महागड्या काचांचा विचार त्यानंतर करावा, आणि तोही आपल्या योग्य नंबरातच.