गप्पी, गंबुशिया की देशी मासा? डासअळ्यांच्या जैविक नियंत्रणासाठी माशाची निवड

भिलाईतील कॅम्प-1 ही वसाहत पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात आलेल्या कामगारांच्या छावण्यांतून वाढलेली आहे. अशा दाट वस्तीत डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला दलदल लागत नाही. साठवणीचे ड्रम, सिमेंटचे हौद आणि उन्हाळा सरल्यावरही पाण्यासह पडून राहिलेले कूलर त्याला पुरेसे असतात. 2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली होती. साथ आली की ‘पाण्यात मासे सोडा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. तथापि कोणता मासा आणि कोणत्या पाण्यात, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. शहरालगतच्या गावतळ्यांत मत्स्यपालन करणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर आर्थिक महत्त्वाचे आहे.

गंबुशिया हा मूळचा उत्तर अमेरिकेतील मासा भारतात 1928 मध्ये आणला गेला. त्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असल्याने पृष्ठभागालगतच्या अळ्या तो सहज टिपतो. पूर्ण वाढलेला मासा दिवसाला 100 ते 300 अळ्या खातो. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते, त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. हेच गुण उघड्या तलावात दोष ठरतात. गंबुशिया केवळ डासअळ्यांवर थांबत नाही. इतर माशांची अंडी, बेडकांची पिल्ले, तसेच रोहू-कटल्याचे जिरे तो फस्त करतो आणि मोठ्या माशांचे पर कुरतडतो. कीटकशास्त्राच्या दृष्टीने अधिक गंभीर बाब अशी की, चतुराची पिल्ले व पाण्यातील भक्षक ढेकूण हे डासअळ्यांचे नैसर्गिक शत्रूही त्याच्या भक्ष्यस्थानी पडतात. सूक्ष्म प्राणिप्लवक संपल्याने पाणी शेवाळून हिरवे होते, असेही प्रायोगिक तलावांत दिसून आले आहे. जगातील सर्वाधिक घातक 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत या माशाचा समावेश उगाच झालेला नाही.

हा पेच डासांपुरता मर्यादित नाही. समुद्री प्रवाळ-मत्स्यालयात उपद्रवी समुद्रफूल ‘ऐप्टेशिया’ माजले की हौशी मंडळी लांब चोचीसारख्या तोंडाचा कॉपरबँड फुलपाखरू मासा आणतात. काही मासे ते समुद्रफूल खातात, काही त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, तर काही जपलेल्या प्रवाळांवर व शिंपल्यांवरच ताव मारतात. भक्षकाची भूक मालकाच्या इच्छेनुसार चालत नाही.

गप्पी मासा तुलनेने सौम्य आहे. दिवसाला 80 ते 100 अळ्या ही त्याची क्षमता कमी असली तरी सेंद्रिय घाण असलेल्या पाण्यात तो गंबुशियापेक्षा चांगला तग धरतो. कडाक्याची थंडी मात्र त्याला मानवत नाही. न वापरातील विहीर, कारंजे, पशुधनासाठीचा सिमेंटचा हौद अशा बंदिस्त पाण्यासाठी तो योग्य होय. काठाच्या प्रत्येक मीटरमागे 5 ते 10 मासे हे प्रमाण ठेवावे. गप्पीदेखील परदेशीच असल्याने नाला, नदी वा गावतळ्यात तो सोडू नये. मोहिमेत उरलेली पिशवी जवळच्या ओढ्यात रिकामी करण्याची सवय विशेष घातक आहे.

उघड्या पाण्यासाठी स्थानिक माशाचा विचार प्रथम व्हावा. गोव्यात तत्कालीन मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी ॲप्लोकायलस ब्लॉकी हा तेथील लहान मासा ‘बीटीआय’ या जिवाणूजन्य अळीनाशकासोबत वापरला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचण्यांत हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डासांचे व रुग्णांचे प्रमाण घटले. दोन्ही उपाय एकत्र असल्याने सर्व श्रेय माशाला देता येणार नाही, परंतु परदेशी प्रजातीवाचून काम होऊ शकते हे त्यातून दिसले. याच गटातील पँचॅक्स मासा पूर्व भारतात आढळतो. डोक्यावरील चमकदार ठिपक्यावरून तो ओळखता येतो. जेथे मत्स्यबीज संवर्धन चालते, त्या तळ्यात मात्र कोणताही अळीभक्षक मासा मत्स्य अधिकाऱ्यांच्या सल्ल्याविना सोडू नये.

कूलर, टायर, कुंडीखालील ताटली येथे मासा उपयोगाचा नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर अंडी घालते. ती कोरड्या अवस्थेत अनेक महिने जिवंत राहतात आणि माशाच्या आवाक्याबाहेर असतात. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवामानात साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून आतील बाजू घासणे आणि कोरडा दिवस पाळणे हाच तेथील उपाय. माशांमुळे अळ्या घटतात हे अनेक ठिकाणी दिसले आहे. रोग घटतो याचा सबळ पुरावा मात्र अद्याप अपुरा आहे, असा निष्कर्ष हिवतापाविषयीच्या 2017 च्या कॉक्रेन आढाव्यातही निघाला. गावसभेत माहिती देताना विस्तार कार्यकर्त्यांनी हा फरक लपवू नये.

हौदात नळाचे क्लोरीनयुक्त पाणी भरल्यास ते किमान एक दिवस उघडे ठेवून मगच मासे सोडावेत. पुढे दर आठवड्याला पांढऱ्या वाडग्याने पाणी घेऊन अळ्या मोजाव्यात. संख्या घटत नसेल तर पाणवनस्पती दाट झाली आहे का, हे आधी पाहावे, कारण तिच्या आड अळ्या सुरक्षित राहतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी असल्याने फवारणी पंप शेततळ्यात किंवा हौदाजवळ कदापि धुऊ नये.