दोन डोक्यांची शिंदी

बालाघाट जिल्ह्यातल्या बाघ नदीकाठच्या राजेगावहून एका वाचकाने विचारलंय : वाळवंटात खजुराची झाडं दिसली की तिथे पाणी असतंच, मग आमच्या नाल्याकाठच्या शिंदीचं काय?

शिंदी, तिकडच्या हिंदीत छिंद, ही खजुराची सख्खी बहीण. या कुळाला सोटमूळ नसतं, बुंध्यातून फुटलेल्या तंतुमुळांच्या जुडग्यावरच सगळी भिस्त. त्यामुळे रखरखीत मुलखात असं झाड हिरवं दिसलं, तर पाणी फार खोल नसणार. पण बालाघाटात पाऊस भरपूर. तिथली शिंदी ही तशी कच्चीच साक्षीदार!

गंमत म्हणजे रखरखीत मुलखाची ही अट सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने घातली होती. ‘बृहत्संहिते’त झाडांवरून भूजल ओळखण्याचा अख्खा अध्याय आहे. त्यात तो म्हणतो, निर्जल प्रदेशात दोन डोक्यांची खजुरी दिसली तर तिच्या पश्चिमेला तीन पुरुष खोल पाणी लागेल. हात वर केलेला माणूस म्हणजे एक पुरुष. तेव्हा तीन पुरुष म्हणजे साधारण बावीस फूट. शेंडा दुभंगला म्हणून पाणी, आणि तेही नेमकं पश्चिमेला, हे मला पटत नाही. पण ‘निर्जल प्रदेशात’ हा शब्द मात्र लाखमोलाचा. प्राचीन विज्ञानाचे गोडवे गाणारे संदेश नेमका तोच गाळतात. आधुनिक विज्ञानात भूजलावर जगणाऱ्या वनस्पतींना ‘फ्रिएटोफाइट’ हे नाव अमेरिकी भूजलतज्ज्ञ ऑस्कर माइन्झरने दिलं ते 1923 साली.

झाडाला मिळालेलं पाणी वाटसरूला मिळेलच असं नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘फोर्टीनाइन पाम्स’ या ताडबनापर्यंतची पायवाट जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर. पण मध्ये एक डोंगरधार आहे, म्हणजे परततानाही चढ, आणि वाटेत सावली नाही. तिथलं पाणी प्राण्यांसाठी. आपलं आपण न्यायचं, दिवसाला माणशी चार लिटर. कोरड्या हवेत घाम इतका झटकन उडतो की अंग ओलं दिसतच नाही, आणि ‘मला कुठे घाम येतोय’ म्हणत माणूस आतून सुकत जातो.

मे महिन्यात आपल्याकडेही हेच घडतं. तेव्हा शिंदी बघायला जायचंच तर उजाडताच निघा, डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि मीठ-साखर घ्या. अर्धं पाणी संपलं की झाड दिसो न दिसो, मागे फिरा. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा ऊन उतरवत नाही. परत आल्यावर भाकरीबरोबर खा.