पाकाविना तिळगूळ

पौष महिना लागला की खानदेशात थंडीचा अंमल सुरू होतो. धुळे आणि जळगाव यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले पारोळा हे गाव आपल्या भुईकोट किल्ल्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु या दिवसांत गावातील मुलांचे लक्ष किल्ल्याकडे नसते. ते असते वाण्याच्या दुकानातील पांढऱ्याशुभ्र तिळांच्या पोत्यांकडे आणि गुळाच्या पिवळ्याधमक ढेपांकडे. मकरसंक्रांत जवळ आल्याची ती खूण होय. सूर्य मकर राशीत प्रवेश करतो तो हा दिवस बहुधा १४ जानेवारीस व काही वर्षी १५ जानेवारीस येतो. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणत त्या दिवशी लहानथोर एकमेकांच्या हातावर तिळाचा लाडू ठेवतात.

हा लाडू दोन रीतींनी करतात. पहिली रीत पाकाची. कढईत गूळ वितळवून त्याचा पाक करावयाचा, त्यात भाजलेले तीळ घालावयाचे आणि मिश्रण गरम असतानाच भराभर लाडू वळावयाचे. ही रीत थोरांनीच हाताळावी अशी आहे. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. पाकातील पाणी मात्र जसजसे आटते तसतसा पाक अधिकाधिक तापत जातो. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते, तेव्हा पाक सुमारे ११५ अंशांपर्यंत पोहोचलेला असतो. चिक्कीसारखा कडक पाक हवा असेल, तर तो १५० अंशांच्या जवळपास न्यावा लागतो. उकळते पाणी अंगावर सांडले तर ते ओघळून तरी जाते. पाक त्वचेला चिकटून बसतो आणि खोलवर भाजतो. म्हणून पाकाच्या कढईपाशी मुलांनी एकट्याने जाऊ नये.

दुसरी रीत कुटून करण्याची. हिच्यात पाक नाही. तीळ व शेंगदाणे भाजण्यापुरतीच चूल पेटवावी लागते. पुढील सारे काम खलबत्त्याचे आणि तळहाताचे. हे लाडू मऊ होतात, त्यामुळे ज्यांचे दात पडले आहेत अशा आजीआजोबांनाही ते सहज खाता येतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांनाही ही रीत चांगली साधते. मात्र ती साधावयाची, तर लाडवात पडणाऱ्या प्रत्येक जिनसाचा गुणधर्म ठाऊक असावा लागतो.

प्रथम तीळ. तीळ हे खरिपाचे पीक आहे. पावसाच्या आरंभी पेरलेले तीळ सुमारे तीन महिन्यांत तयार होतात. त्याची बोंडे पूर्ण वाळली की टोकाशी आपोआप उकलतात आणि आतील दाणे मातीत सांडतात. अलिबाबाच्या गोष्टीत ‘तिळा, दार उघड’ असे म्हणताच गुहा उघडते. तिळाचे बोंड तेवढ्याही आज्ञेची वाट पाहत नाही! म्हणून खालची बोंडे पिवळी पडू लागताच शेतकरी पीक कापतो, पेंढ्या बांधून त्या उन्हात उभ्या करतो आणि वाळल्यावर कापडावर उलट्या धरून झटकतो. जळगाव येथील तेलबिया संशोधन केंद्रात तिळाचे नवे वाण तयार करण्याचे काम चालते. ‘तापी’ आणि ‘पद्मा’ हे तिळाचे वाण तेथूनच शेतकऱ्यांच्या हाती आले.

तिळाच्या दाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. किंबहुना ‘तेल’ हा शब्दच तिळापासून आला आहे. संस्कृतात तिळाला ‘तिल’ म्हणतात व तिळापासून निघते ते ‘तैल’. आज आपण शेंगदाण्याच्या वा करडईच्या रसालाही तेल म्हणतो, तेव्हा नकळत तिळाचेच नाव घेत असतो. तेलाखेरीज तिळात प्रथिने आणि हाडांना बळकटी देणारा चुनाही भरपूर असतो. हा चुना बराचसा सालीत असल्यामुळे सालीसकट तीळ घेणे अधिक हितकर.

आता गूळ. महाराष्ट्रात कोल्हापूरचा गूळ विशेष नावाजलेला आहे. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खानदेशी बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. तेथे डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, तसाच गुळाचा होतो ‘गूय’. नाव कसेही उच्चारले तरी गोडी तीच. कुटून करावयाच्या लाडवाला चिक्कीचा गूळ नको. साधा, मऊ, बोटाने दाबला जाणारा गूळ हवा. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्कराही असतात. त्या हवेतील ओलावा धरून ठेवतात, म्हणून गूळ चिकट व लवचीक राहतो. नुसती पिठीसाखर घेतली, तर लाडवाला हा मऊपणा येणार नाही.

तिसरा जिन्नस म्हणजे मसाला. वेलदोडा सुवास देतो, सुंठ किंचित तिखटपणा आणते आणि जायफळाची चिमूट या दोहोंचा मेळ घालते. वेलदोडे सह्याद्रीच्या दक्षिणेकडील डोंगरांत पिकतात. जायफळाचे मूळ घर मात्र दूर पूर्वेस, इंडोनेशियातील मलुकू बेटांत आहे. आपल्या लाडवात भर घालणारे शेंगदाणेही मूळचे दक्षिण अमेरिकेतील. पारोळ्याच्या स्वयंपाकघरातील एका परातीत जगाच्या किती दिशा एकत्र येतात, हे पाहिले म्हणजे कौतुक वाटते.

सुमारे तीस लाडवांसाठी पुढील प्रमाण घ्यावे : तीळ २५० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस २५ ग्रॅम, वेलदोड्यांची पूड एक चहाचा चमचा, सुंठीची पूड अर्धा चमचा, किसलेले जायफळ चिमूटभर आणि तूप दोन चमचे.

प्रथम तीळ सुपात घेऊन पाखडावेत व नीट निवडावेत. तिळाएवढा बारीक खडा डोळ्यांना दिसत नाही, पण दाताखाली आल्यावाचून राहत नाही. नंतर थोरांच्या देखरेखीखाली जाड बुडाच्या कढईत मंद विस्तवावर तीळ भाजावेत आणि उलथण्याने सतत हलवीत राहावे. काही वेळाने तीळ तडतडू लागतात, किंचित फुगतात आणि त्यांचा खमंग वास घरभर पसरतो. दाण्यातील ओलावा वाफ होऊन बाहेर पडू लागल्याची ती खूण होय. याच वेळी कढई उतरवावी व तीळ लगेच परातीत काढावेत. कढईतच राहू दिले, तर तिच्या उष्णतेने ते करपतात. करपलेला तीळ कडू लागतो, आणि तो कडूपणा कितीही गुळाने झाकत नाही. शेंगदाणेही असेच भाजून त्यांची साले काढावीत. खोबऱ्याचा कीस हलकेच परतून घ्यावा.

तीळ कोमट झाले म्हणजे त्यांतील दोन मुठी अख्खे तीळ बाजूला ठेवावेत. उरलेले तीळ व शेंगदाणे खलबत्त्यात घालून जाडसर कुटावेत. नंतर त्यात गूळ, खोबरे आणि मसाल्यांची पूड घालावी व पुन्हा कुटावे. हळूहळू भुकटीचा रंग गडद होतो, ती दाट व ओलसर दिसू लागते आणि बत्त्याला चिकटते. अख्खे तीळ व तूप मिसळून मिश्रण मळावे आणि लहान लिंबाएवढे गोळे तळहातांत दाबून वळावेत.

यात पाणी कोठेच घातले नाही, मग लाडू वळला कसा? त्याचे उत्तर कुटण्यात आहे. अख्ख्या तिळातील तेल सालीच्या आत कोंडलेले असते, म्हणून मूठभर तीळ कितीही दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. कुटल्याने साल फुटते आणि तेल बाहेर येते. तिळाची कोमट ऊब गुळाला मऊ करते. चिकट गूळ कणाकणाला जोडतो, तेल त्या जोडाला मऊपणा देते आणि तळहाताचा दाब मधली हवा काढून टाकतो. थंड झाल्यावर गूळ पुन्हा घट्ट होतो व लाडू आपला आकार धरून राहतो.

कधी कधी लाडू फुटतो. अशा वेळी पाण्याचा हबका मारण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाण्याने लाडू वळतो खरा, पण ओलाव्यामुळे त्याला लवकरच बुरशी येते. मिश्रण पुन्हा थोडे कुटावे, नाहीतर चमचाभर कोमट तूप घालावे. याउलट मिक्सरमध्ये ते फार वेळ फिरवले, तर तेल सुटून त्याचा लगदा होतो. म्हणून मिक्सर थांबत थांबत चालवावा. कोरड्या डब्यात, कोरड्या हाताने काढले, तर हे लाडू पंधरवडाभर सहज टिकतात.

भाजलेले तीळ वाटून चवदार पदार्थ करण्याची कला केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. पश्चिम आशियातील लोक तिळाची ‘ताहिनी’ नावाची मऊ चटणी करतात. युरोप-अमेरिकेत नाताळच्या सुमारास काही घरांतून भट्टी न पेटवता गोड गोळे वळतात. बिस्किटांचा चुरा, वितळलेले चॉकलेट वा लोणी आणि त्यात सुंठ, दालचिनी, जायफळ यांची पूड! चुऱ्याला स्निग्धतेने बांधावे, मसाल्याने सुगंधित करावे आणि हाताने वळावे, ही युक्ती तीच आहे. तेथेही तो काळ थंडीचाच, आणि तेथेही ते गोळे डब्यांत भरून शेजाऱ्यांना देतात.

देणे हाच तिळगुळाचा खरा हेतू आहे. एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असे आपल्याकडे म्हणतात. हजार तिळांचे वजन अवघे तीन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे वर सांगितलेल्या प्रमाणातील एकेका लाडवात अडीच हजारांहून अधिक तीळ असतात. ज्या समाजाने एका तिळाचे सात वाटे करण्याची शिकवण दिली, त्याने एवढा लाडू हाती असता कोणालाही वगळू नये.

परंतु पुष्कळ काळ वगळले गेले आहे, हे मान्य केले पाहिजे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा स्त्रियांना बोलावू नये, अशी रूढी अनेक गावांत होती. एखाद्या मुलाची आई शेजारच्या घरी चाललेला समारंभ दारातून पाही, आणि त्या मुलाला आपल्या आईला का बोलावले नाही, याचे उत्तर मिळत नसे. ज्या कोल्हापूर जिल्ह्याचा गूळ प्रसिद्ध आहे, त्याच जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचे अनुकरण करावे, असे आवाहन केले. ठरावाने वाट मोकळी होते. तीवरून चालावयाचे मात्र प्रत्येक घराने.

मुलांच्या हाती ठराव नसतो, पण लाडवांचा डबा असतो. संक्रांतीच्या संध्याकाळी तो डबा घेऊन निघालेल्या मुलाने गल्लीतील एकही दार चुकवू नये. पतंगाच्या मांज्यावरून ज्याच्याशी भांडण झाले, त्याचे दार तर आधी ठोठवावे. काहींना तीळ किंवा शेंगदाणे खाऊन त्रास होतो. म्हणून देण्यापूर्वी एकदा विचारावे, आणि खाता येत नसेल तर नुसता नमस्कार करावा. गोड बोलणे त्यातही होते.

सुपातला एकेक तीळ वाऱ्याच्या झुळकेनेही उडून जातो. तेच तीळ गुळाच्या संगतीने लाडवात एकत्र आले, म्हणजे हातातून पडले तरी सहसा विखरत नाहीत. एवढे ज्याने आपल्या हातांनी करून पाहिले, त्याला ‘गोड बोला’ या दोन शब्दांचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.