जगाच्या खिडकीशेजारी तीन रात्री

परदेशी जाणारी माणसे बहुधा आकाशातून उतरतात; आम्ही मात्र चीन देशात पायी चालत शिरलो. ही हकीकत २०१८ सालच्या दिवाळीतील आहे. आमचा पुतण्या त्या वेळी हाँगकाँगास नोकरीला होता. लक्ष्मीपूजन त्याच्या बिऱ्हाडी उरकून पाडव्याच्या सकाळी आम्ही उभयता, दोन मुले, पुतण्या आणि त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई असे सहा जण आगगाडीत बसलो, आणि पाऊण तासाने लोवू नावाच्या शेवटच्या स्टेशनात उतरलो. हाँगकाँग १९९७ साली चीनकडे परत गेले हे खरे. तथापि दोहोंमधील वेस आजही कायम आहे. चलन निराळे, कायदे निराळे, तपासणी निराळी. अलीकडच्या कचेरीत पासपोर्ट दाखवून बाहेर पडावयाचे, मधला छप्पर घातलेला पूल ओलांडावयाचा आणि पलीकडच्या कचेरीत आत आल्याचा शिक्का घ्यावयाचा. चीनचे परवाने आम्ही मुंबईहूनच काढून आणले होते.

पुलावर गर्दी म्हणजे आपल्याकडील आषाढी एकादशीची. पुष्कळांच्या हाती मुलांच्या दुधाच्या भुकटीचे डबे होते. २००८ साली चीनमधील दुधात भेसळ होऊन लहान मुले दगावली, तेव्हापासून तिकडच्या आयांचा घरच्या भुकटीवर विश्वास उरला नाही. आणि इतके डबे सरहद्दीपलीकडे जाऊ लागले की हाँगकाँगच्या सरकारला २०१३ साली माणशी दोनच डब्यांचा निर्बंध घालावा लागला. आमचे सारे लक्ष त्या डब्यांकडे, मुलांकडे आणि सामानाकडे. पुलाखाली काय आहे हे पाहण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आत्याबाई मात्र पूल ओलांडताना एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या मौनाचे कारण आम्हांस ठाऊक होते. त्यांच्या पाठचे भाऊ, म्हणजे आमचे मधले काका, १९६२ च्या युद्धात ईशान्य सीमेवर होते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला खिंडीची आघाडी कोसळली आणि त्यानंतर काकांचे पत्र आले नाही. तार आली ती ‘बेपत्ता’ एवढ्याच शब्दाची. गेले असे कोणी लिहून दिले नाही, आहेत असेही कोणी सांगितले नाही. तेव्हापासून आत्याबाई दर भाऊबीजेस चंद्राला ओवाळीत आल्या. ज्यांना भाऊ नसतो त्या बहिणींची ही रीत, परंतु आत्याबाई म्हणत, “मला भाऊ नाही असे नव्हे. कुठे आहे ते कळत नाही, म्हणून जो सगळीकडून दिसतो त्याला ओवाळायचे.” चिनी कपबशीही त्यांनी घरात येऊ दिली नव्हती. मुलांचा हट्ट हॉटेलाचा आणि करमणुकीच्या बागेचा. आत्याबाई हाँगकाँगलाच थांबतील असे आम्ही धरून चाललो होतो. पण आदल्या रात्री त्या म्हणाल्या, “मीही येते. ती माणसे एकदा पाहायची आहेत.”

पूल उतरला की शेनझेन. मूळचा हा बाओआन नावाचा शेतकऱ्या-कोळ्यांचा तालुका. १९८० साली तेथे खास आर्थिक क्षेत्र जाहीर झाले, परकीय भांडवलाला दार उघडले आणि चाळीस वर्षांत खाजणाच्या जागी महानगर उभे राहिले. २०२० च्या शिरगणतीत तेथे पावणेदोन कोटींहून अधिक माणसे भरली. भुयारी आगगाडीत शिरण्यापूर्वी प्रत्येक पिशवी यंत्रातून तपासून घेतली जाते. तिकीट म्हणजे हिरवे प्लास्टिकचे नाणे. ते टेकवून आत जावयाचे आणि उतरताना यंत्राच्या तोंडी द्यावयाचे. धाकट्याला ते ठेवून घ्यावयाचे होते; यंत्राने अर्थातच दार उघडले नाही, आणि मागे रांग खोळंबली. उतरण्याच्या स्टेशनाचे नावच ‘जगाची खिडकी’.

या नावाची बाग १९९४ साली उघडली. तिच्या आधी, १९८९ साली, शेजारीच चीनच्या भिंतीपासून राजवाड्यांपर्यंत साऱ्या चीनच्या लहान प्रतिकृतींची बाग झाली होती. ती चालली, म्हणून मग अवघे जगच कुंपणात घालावे असे चालकांच्या मनाने घेतले. सुमारे एकशेतीस प्रतिकृती तेथे आहेत. पॅरिसचा आयफेल मनोरा मुळाच्या एक-तृतीयांश, म्हणजे १०८ मीटर उंच आहे, आणि तो आमच्या खोलीच्या खिडकीतून पलंगावर पडल्या पडल्या दिसे.

हॉटेलात प्रवेश मिळणे मात्र इतके सोपे नव्हते. चीनमध्ये परकीय पाहुण्याची नोंद हॉटेलवाल्यास पोलिसांकडे करावी लागते. त्यामुळे सहाही पासपोर्टांच्या पानापानांची नक्कल होईपर्यंत तास गेला. शिवाय अनामत रक्कम रोख हवी. रोख पैसा मोजणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून असे वाटले की नोटा तिने बऱ्याच दिवसांत पाहिल्या नसाव्यात. तेथे भाजीवालीसुद्धा मोबाइलवर ठसा टिपून पैसे घेई, आणि ही सोय त्या वेळी परकीयांना जवळजवळ बंदच होती. पुढे काही वर्षांनी ती खुली झाली. आत्याबाई तोवर कोचावर ताठ बसून होत्या. त्या मुलीने पासपोर्टावरील जन्मसाल वाचले मात्र, उठून गरम पाण्याचा पेला दोन्ही हातांनी आणून त्यांच्यापुढे धरला. आत्याबाईंनी तो घेतला. घेताना आमच्याकडे पाहिले नाही.

उद्वाहकात चौथ्या मजल्याचा आकडाच नव्हता. चिनी भाषेत ‘चार’ आणि ‘मृत्यू’ या शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा, म्हणून पुष्कळ इमारतींत तिनानंतर एकदम पाच येतो. मुले हसू लागली तेव्हा आत्याबाईंनी त्यांना दटावले: “आपण तिघे मिळून कामाला निघतो का?”

जेवणाची चिंता आम्ही मुंबईपासून वाहून आणली होती. चिवडा, मेतकूट, थोडे तूप. आत्याबाईंचा चातुर्मास चालू, कांदा-लसूण वर्ज्य. तेव्हा पुतण्याने एक शब्द शिकविला: ‘सू’, म्हणजे निरामिष. चीनमधील बौद्ध भिक्षू मांस तर खात नाहीतच, परंतु कांदा, लसूण आणि त्याच जातीच्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य मानतात. म्हणून ‘सू’ची पाटी असलेल्या खाणावळीत आत्याबाईंचे व्रत न सांगता पाळले जाई. “म्हणजे यांचा बारा महिने चातुर्मासच की!” असे त्या म्हणाल्या. सकाळी हॉटेलच्या फराळात त्यांना तांदळाची पांढरी पेज मिळाली. चिनी मनुष्य ती खारवलेल्या भाज्यांबरोबर खातो. आत्याबाईंनी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली, वर तूप सोडले आणि वाटी पुसून खाल्ली. कोकणात आजारी माणसाला आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी जे देतात तेच येथे रोज मिळते, याचे त्यांना मोठे कौतुक वाटले. वाढपीण दुसऱ्या दिवशी आपण होऊन वाटी घेऊन आली.

बागेचे वर्णन थोडक्यातच करतो. नायगाराचा धबधबा आहे, इजिप्तचे पिरॅमिड आहेत, आणि ताजमहालही आहे. मुलांनी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. एक चिनी कुटुंबही तेच करीत होते. आम्ही हिंदी आहोत असे कळताच त्यांनी आम्हांस ताजाचे मालक समजून मध्ये उभे केले. घुमट मात्र आम्हांस जरा बसका वाटला. आत्याबाई म्हणाल्या, “दुरून पाहून बांधलाय.” मग थोड्या वेळाने, “आपणही यांना दुरूनच पाहिले.” आम्ही निमित्त साधून डॉक्टर कोटणीसांची आठवण काढली. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली चिनी जखमींच्या शुश्रूषेस गेला आणि १९४२ साली तिकडेच वारला. आत्याबाई म्हणाल्या, “माहीत आहे. शांतारामांचा तो चित्रपट बाबांनी आम्हा दोघांना दाखविला होता. येताना तो रडत होता, मी नाही.” चित्रपट १९४६ चा, म्हणजे काका तेव्हा नऊ वर्षांचे असतील.

त्याच दिवशी भाऊबीज होती. दिवेलागणीच्या सुमारास आत्याबाईंनी ट्रंकेतून निरांजन काढले, फुलवात तुपात भिजविली आणि काडेपेटी मागितली. ती आमच्याजवळ नव्हती. कन्या खाली मागावयास गेली. पेला देणारी तीच मुलगी धावत वर आली आणि छतावरील धूर ओळखणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवून हात जोडू लागली. खोलीत ज्योत पेटविली तर साऱ्या हॉटेलात घंटा वाजेल. आत्याबाईंचा चेहरा उतरला. द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही. शेवटी त्या मुलीनेच खुणेने सुचविले की बाहेर पटांगणात चला, आणि दारावरच्या पहारेकऱ्याने आपल्या खिशातील लायटर काढून दिला.

पटांगणात म्हाताऱ्या बायका नाचासाठी जमत होत्या. चीनमध्ये संध्याकाळी मोकळ्या जागी गाणे लावून वडीलधाऱ्या स्त्रिया ओळीने नाचतात. सुनाही पाहतात, नातवंडेही पाहतात, कोणाला त्यात काही वाटत नाही. गाणे अजून सुरू झाले नव्हते. नैर्ऋत्येला दोन इमारतींच्या फटीत बारीकशी कोर होती. वाऱ्याने निरांजन दोनदा विझले. तिसऱ्या वेळी बाकावरची एक वृद्धा उठली आणि तिने आपले दोन्ही तळवे ज्योतीभोवती धरले.

ओवाळून झाल्यावर तिने काहीतरी विचारले. ती मूळची बाओआनचीच, म्हणून कँटनी बोलत होती, आणि पुतण्याला कामापुरती ती भाषा येत होती. प्रथम तिने वय सांगितले: अंगठा आणि तर्जनी ताणून धरली, मग एक बोट. आत्याबाईंना वाटले, दोन आणि एक, एकवीस! चिनी रीतीने अंगठा-तर्जनी म्हणजे आठ. एक्याऐंशी. दोघी हसल्या. मग हा दिवा कोणासाठी, असे तिने विचारले. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. आत्याबाई म्हणाल्या, “सांग. खरे तेच सांग.” त्याने सांगितले: धाकटा भाऊ, शिपाई, १९६२.

ती वृद्धा बराच वेळ काही बोलली नाही. आम्हांस वाटले, आता ही उठून जाणार. मग ती बोलू लागली ती थांबेचना, आणि पुतण्या अडखळत अडखळत सांगू लागला. तिचाही भाऊ १९६२ सालीच गेला, मे महिन्यात. त्याआधी तीन वर्षे चीनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता, माणसे उपाशी मरत होती; त्या मे महिन्यात हाँगकाँगची वाट मोकळी झाल्याची वार्ता उठली आणि हजारो लोक सरहद्दीकडे धावले. कित्येक पकडून परत पाठविले गेले, कित्येक पाण्यात राहिले. तिचा थोरला भाऊ चेंडूंचे दोन फुगे कमरेला बांधून रात्री खाडीत उतरला. परत आला नाही, पत्रही आले नाही. पुढे १९८० नंतर हाँगकाँगला गेलेली माणसे उजळ माथ्याने भेटीस येऊ लागली, तेव्हा ही दर नव्या वर्षाला पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राही. किती वर्षे, ते तिने सांगितले नाही.

आत्याबाईंनी काही विचारले नाही. निरांजनातले तूप संपत आले होते. त्यांनी ताटलीची एक कड तिच्या हाताखाली सरकविली, आणि दोघींनी मिळून एकदा ओवाळले. कोर इमारतीमागे गेली होती, तरीही ओवाळले. मग गाणे सुरू झाले. जाताना आत्याबाईंनी तिला डब्यातले चार अनारसे दिले आणि तिने आपल्या थर्मासातील गरम पाणी झाकणात ओतून आत्याबाईंना पाजले.

तिसरा दिवस खरेदीत गेला. त्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही. एवढेच, की आत्याबाईंनी स्वतःसाठी एक चिनीमातीची वाटी घेतली. हॉटेल सोडताना अनामत रक्कम पैन् पै परत मिळाली. आमची शंका व्यर्थ होती हे कबूल केले पाहिजे.

परतीच्या पुलावर तीच गर्दी होती. अर्ध्यावर आल्यावर आत्याबाईंनी पुतण्याचा दंड धरला आणि त्या भिंतीकडेच्या काचेपाशी गेल्या. खाली काँक्रीटच्या बांधांमधून नदी वाहत होती. मळकट, संथ, आपल्या पुण्याच्या मुठेपेक्षाही अरुंद. मागून येणारे लोक वळसा घालून जात होते.

“हीच का ती?” त्यांनी विचारले.

“नदी हीच. तिचा भाऊ पुढे खाडीतून गेला,” पुतण्या म्हणाला.

“एवढीशीच?” असे म्हणून त्यांनी पिशवीतली वाटी नीट गुंडाळली आहे ना ते एकदा चाचपून पाहिले, आणि त्या तपासणीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.